मागचं वजन

९ सप्टेंबर

दादा,

मी झोपलेले नाही. काल नाही, परवाही नाही. छोटी रडते हे एक कारण, पण ते तुला ठाऊकच आहे, दात येतायत तिला. दुसरं कारण सांगायला हे पत्र. आमचे हे झोपेत लाकडं उचलतात.

हसू नकोस. खरंच उचलतात. उताणे झोपलेले असतात आणि दोन्ही हात सावकाश वर येतात, ओंडका धरल्यासारखे. छातीपाशी थांबतात. मग बाजूला टेकतात, जपून, आवाज न करता. मग पुन्हा. तोंडावर कसला त्रास दिसत नाही. मी आपली पडल्या पडल्या बघते. पहिल्यांदा भीती वाटली. आता वाटतं, खोली भरत चाललीय, पलंगाला लागून ढीग उभा राहिलाय, उठेन तेव्हा मला दारापर्यंत वाट करावी लागेल. उठते तर काही नसतं. नुसता भुशाचा वास.

दिवसा मात्र त्यांना उचलवत नाही. कमरेतली कळ पायापर्यंत जाते. डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं, असंच चालू ठेवलंत तर एक दिवस वाकाल ते वाकलेलेच राहाल. हे हसले. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

आमचं घर तुला आठवतं ना? एकदाच आलास, तेही घाईत. घराच्या मागे सरळ उतार, तो वरच्या झाडीपासून निघतो आणि आमच्या भिंतीशीच संपतो. पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे दुधाचे कॅन ठेवायचा पत्र्याचा आडोसा. लाकूड वर तोडायचं, खाली आणायचं, फोडायचं, शेडमधे वाळत रचायचं. मग बेकरीच्या भट्टीला द्यायचं आणि थंडीत घरोघरी. एवढंच आमचं काम. आणि ते सगळं एका माणसाच्या पाठीवर.

तर आता यांनी ट्रॅक्टर घ्यायचं मनावर घेतलंय. छोटा, पुढे लोडर असलेला. मी त्याला सोंड म्हणते. दुकानातला माणूस म्हणाला, "चारशे किलो आरामात उचलतो, वहिनी." दादा, मला त्या 'आरामात'ची भीती वाटली. आरामात काही उचललं जातं का कधी?

तू दिवसभर ट्रॅक्टरच्या पोटात हात घालून बसलेला असतोस. तूच सांग कुठला घ्यावा. इथे फोन लागत नाही. तुझ्या गॅरेजचा नंबर मी कपाटाच्या दाराला आतून खडूने लिहून ठेवलाय, उगाच, बघायला बरं वाटतं म्हणून. पत्र दूधगाडीवाले काका नेतील.

तुझी
खारू


१५ सप्टेंबर

खारूताई,

तुझं अक्षर अजून तसंच, मुंग्या पावसात सापडल्यासारखं. तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचून दाखवलं. दाजींच्या हातांचं आलं तेव्हा आधी हसली, मग कागद-पेन माझ्यापुढे ठेवून म्हणाली, आजच उत्तर लिहा.

नीट वाच. दाजींनाही वाचून दाखव.

पहिलं. दुकानदार जो आकडा सांगतो तो सोंडेच्या टोकाला बकेट जिथे जोडतात त्या पिनेपाशी मोजलेला असतो. लाकडं काय पिनेवर बसतात? ती बकेटमधे असतात, त्याच्याही पुढे. पाण्याची बादली कोपर अंगाला लावून धर, मग तीच हात लांब करून धर. बादली तीच, पण खांदा काय म्हणतो बघ. तेव्हा चारशे म्हणाला की मनात तीनशे धर, आणि पूर्ण उंचीवर त्याहून कमी. त्यातून बकेटचं स्वतःचं वजन वेगळं.

दुसरं. लाकडाचं वजन शेडमधे करू नका. वाळलेलं लाकूड म्हणजे उपासाचा माणूस. तुम्हाला आणायचंय ते वरचं, आज तोडलेलं, पोटभर पाणी प्यायलेलं. ते जवळजवळ दुप्पट भरतं. वजन त्याचं करा.

तिसरं सगळ्यात मोठं. सोंड पुढे उचलते तेव्हा मागची चाकं हलकी होतात. आणि ब्रेक मागच्याच चाकांना असतो. मागची चाकं जमिनीवरून सुटली की तुमच्याकडे ब्रेक नाही. तुमच्या घरामागे काय आहे ते तूच लिहिलंयस. म्हणून मागे वजन पाहिजे. कायम. आणि भरलेली सोंड चालताना गुडघ्याच्या वर न्यायची नाही.

त्या दुकानात मधला निळा असेल बघ, चारही चाकांना ओढ असलेला. तो घ्या. लाल छोटा दिसायला गोड असतो, पण गोड गोष्टी मुलांसाठी.

छोटीच्या हिरड्यांना स्वच्छ ओलं फडकं चावायला दे. हे वहिनीचं.

दादा


२ ऑक्टोबर

दादा,

तू सांगितलंस तसं केलं. आजच तोडलेला ओंडका घेऊन बेकरीत गेलो, पिठाच्या पोत्याच्या काट्यावर ठेवला. बेकरीवाले म्हणाले, "याचा पाव नाही होणार हो." मग आकडा बघून त्यांनी ओंडका उचलून पुन्हा काट्यावर ठेवला. शेडमधला तेवढाच ओंडका ठेवला तर काटा निम्म्याच्या जरा पुढे जाऊन थांबला. हे दोन ओंडक्यांकडे बघत होते. म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं पाणी वाहतोय."

मग दुकानात गेलो. यांनी घरून दोरी नेली होती. आपलं घर आणि बाजूचा खडक यांच्यामधे जी वाट आहे ना, मागे जायची, तिच्या रुंदीला गाठ मारलेली दोरी. निळ्याला लावली. गाठ चाकाच्या आतच राहिली. पुन्हा लावली, तिरकी, सरळ, ओढून. निळा काही बारीक होईना. दुकानातला म्हणाला, "भिंत पाडा." हे म्हणाले, "त्या भिंतीच्या आत बायको झोपते." मी मनात म्हटलं, झोपते कुठली.

लाल बसला. दोन्हीकडे मूठभर जागा उरते. वापरलेला आहे, ओढ फक्त मागच्या चाकांना. चारी चाकांचा त्या मापात नव्हताच. घेतला, दादा. दुसरं काही त्या वाटेतून जाणारच नव्हतं.

आता तुला एक सांगते. चालवून दाखवताना हे मला म्हणाले बस, म्हणून मी छोटीला घेऊन बाजूला टेकले. इंजिन सुरू झालं आणि छोटी झोपली. अशी झोपली की मान टाकली. बंद केलं, उठली. सुरू केलं, झोपली. दुकानातले सगळे जमले बघायला. मला त्या आवाजात असं वाटलं की कुणीतरी खूप मोठं, म्हातारं जनावर पोटातल्या पोटात गुणगुणतंय. माझ्याही पापण्या जड झाल्या. तिथेच, दुकानात.

तू रागावलास का? सोंडेचा जोर तू धरलेल्या तीनशेच्या जवळ आहे. हे म्हणतात, थोडं थोडं आणू.

खारू


१० ऑक्टोबर

खारूताई,

रागावलो नाही. थोडा रागावलो. मग दोरीचं वाचून राग गेला. माणूस दोरीला गाठ मारून दुकानात जातो म्हणजे डोकं जागेवर आहे.

पण आता मागच्या वजनाला पर्याय नाही हे दोघं लिहून घ्या. पेटी मीच करतोय. जाड पत्र्याची, वेल्डिंग माझ्या हातचं, मागच्या दांड्यांना अडकवायला पिना लावून. पुढच्या आठवड्यात माझा एक ओळखीचा ट्रकवाला तुमच्या बाजूला येतोय, तो टाकून जाईल. काठोकाठ दगड भरा. आणि ती काढायची नाही. ट्रॅक्टर झोपला तरी पेटी लावून झोपला पाहिजे.

वहिनीने कडेला रंगाने खार काढलीय. शेपूट जरा जास्तच मोठी झाली. मी म्हटलं ही खार का मोर? आता चहा मिळेल असं दिसत नाही.

दादा


२४ ऑक्टोबर

दादा,

पेटी आली. किती सुंदर केलीस. वेल्डिंगच्या रेघेवरून मी बोट फिरवलं, जखम भरून आल्यासारखी गुळगुळीत आहे. खार तर इतकी आवडली की छोटी तिलाच बघून हसते. वहिनीला सांग, शेपूट अगदी बरोबर आहे, माझ्या जिवाला जेवढी ऊब लागते तेवढी.

वरच्या झाडीतून दगड आणले आणि भरली. काम चालू झालं. मागे वजन आहे, तू काळजी करू नकोस.

सकाळी धुकं असतं. निघताना घर दिसतं, मग अर्ध्या चढावर ते बुडतं, मग नुसतं धुराडं राहतं, पाण्यात उभ्या बगळ्याच्या मानेसारखं. मग तेही जातं. खाली काहीच नाही, वर काहीच नाही, मधे हा लाल ट्रॅक्टर आणि त्याचं गुणगुणणं. झाडं एकेक करून पुढे येतात, बघतात, मागे जातात. वर पोचल्यावर इंजिन हळू केलं की लाकडाचा वास येतो, ओला, गोडसर. छोटी सगळा वेळ झोपलेली. यांची कमर पण बरी आहे. झोपेत आता हात उचलत नाहीत, नुसता एक अंगठा हलतो. सोंडेचा दांडा ओढत असतील.

मला सारखी आपली हातगाडी आठवते. तू पुढे पाण्याचे डबे ठेवायचास आणि पुढचं नाक खाली जायला लागलं की ओरडायचास, "खारू, मागे बस!" मी टुणकन मागे बसायचे आणि गाडी सरळ व्हायची. मी केवढीशी होते, पण माझ्याशिवाय पाणी घरी यायचं नाही. तुला आठवतं?

खारू


१ नोव्हेंबर

खारूताई,

आठवतं ना. आणि तू मधेच उतरून जांभळं वेचायला पळायचीस तेही आठवतं. डबा माझ्या पायावर पडला होता.

पत्र वाचून बरं वाटलं. पण माझं डोकं गॅरेजचं, त्याला वासबीस कळत नाही. मला हे सांग. पेटी त्या अरुंद वाटेतून जाते का? मागे किती बाहेर येते ते मी अंदाजाने केलं होतं, वळताना खडकाला घासत नाही ना? उचलताना मागचं चाक हलकं लागतं का, ते दाजींना विचार. काकांच्या फोनमधून एक फोटो काढून घे, ते रेंजमधे गेले की मला पाठवतील.

आणि एक. वर जाताना झाडं कशी दिसतात, धुराडं कधी बुडतं, हे तुला कसं माहीत? तू घरी असतेस ना?

वहिनी म्हणते, उगाच शंका काढू नका, बायकांना सगळं माहीत असतं. असेल. तरी लिही.

दादा


९ नोव्हेंबर

दादा,

फोटो काढला नाही. काढला असता तर तुला दिसलं असतं.

पेटी घराच्या मागे आहे. पहिल्याच दिवशी वाटेतून बाहेर निघून वळताना ती खडकाला लागली. हे मागेपुढे करत राहिले, पुन्हा लागली. खारीच्या शेपटीचा रंग गेला. मला इतकं वाईट वाटलं की मीच म्हटलं, आजच्यापुरती काढा. आजच्यापुरती म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. आता तिच्यातल्या दगडांवर दवाचं पाणी साचतं, चिमण्या येऊन अंघोळ करतात. तुला कळवायला जीव धजला नाही. तू ती हाताने केलीस.

मग शेडपाशी सपाटीवर ओली लाकडं उचलताना मागचं चाक सुटलं. मी बघत होते. थोडंच. चाकाखालून गवताची पाती उभी राहिली. यांनी लगेच सोंड खाली टेकवली, मग वळून मला म्हणाले, "जरा मागे उभी राहतेस?" मी मागच्या दांड्यावर चढले. चाक खाली बसलं. गवत झोपलं.

तर तेव्हापासून मागे वजन आहे. मी खोटं लिहिलं नव्हतं. गुणी वजन आहे, आपलं आपण चढतं, आपलं आपण उतरतं, खडकाला घासत नाही. छोटीला मी पाठीशी बांधते. ती घरी एकटी कशी ठेवू? आणि ती झोपते, दादा. दिवसभर. तुला कळणार नाही, मूल झोपणं म्हणजे काय असतं.

आणि मला आवडतं. मी उभी राहिल्याने एक गोष्ट जागेवर राहते. चार यत्ता शिकले त्यात असं कधी वाटलं नव्हतं.

पण परवा एक झालं म्हणून लिहितेय. खाली येताना उभ्या उभ्या माझा डोळा लागला. स्वप्न पडलं की ओंडके हवेत तरंगतायत, माशांसारखे, एकमेकांना न लागता, आणि तू हातगाडी ओढत त्यांच्यामधून चाललायस आणि मागे वळून बघत नाहीस. मी म्हणतेय, दादा, मी मागेच आहे. मग माझं कपाळ यांच्या पाठीवर आपटलं आणि जागी झाले. हात सुटलेले होते. दोन्ही. छोटी पाठीशी. आम्ही उतारावर होतो.

यांना कळलंच नाही. म्हणाले, "ढकलतेस काय गं?"

तेव्हापासून पुन्हा झोप नाही. वर उभं राहायची भीती वाटते. आणि उतरायची त्याहून जास्त, कारण मी उतरले तर चाक उठेल, आणि पुढे हे बसलेले असतील. मला एवढंच सांग, एका हाताने धरायला कुठे पट्टा वगैरे लावता येईल का.

यांना काही लिहू नकोस. रागावू नकोस.

खारू


१२ नोव्हेंबर

खारू,

उतर.

पट्टा नाही, कडी नाही, काही नाही. उतर. हे वाचशील त्या दिवसापासून तू आणि छोटी त्या दांड्यावर चढायचं नाही. पडलीस तर मागचं चाक अंगावरून जायला वेळ लागत नाही. मी गॅरेजमधे असे ट्रॅक्टर धुतलेत. याहून जास्त लिहीत नाही.

हातगाडी मी ओढत होतो. मी थांबलो की ती थांबायची. ते आणि हे एक नाही. पेटीबद्दल मला एका शब्दाने विचारलं असतंस तर मी अर्धी कापून दिली असती. पत्रा आहे तो, माझं काळीज नाही.

दाजी, हे पत्र ती तुम्हाला दाखवेल. मी तुमच्यापेक्षा लहान आहे, तरी बोलतोय. रविवारी मी खडक फोडायचं मशीन आणि टेम्पो घेऊन येतो. खडकाचा तो कोपरा उडवू आणि पेटी लावू. तोवर सोंड जमिनीवर. बेकरीवाल्याला सांगा, साल्याने सांगितलंय. शिव्या मला घालायला सांगा.

आणि कधीच लागू नये, पण उतारावर अडकलात तर एवढं पाठ करा. आधी मागे वजन, मग सोंड खाली, मग इंजिन बंद. हाच क्रम. वजन मागे नसताना जाग्यावरून हलायचं नाही.

दूधगाडीवाल्या काकांना डेअरीत फोन करून सांगितलंय, हे पत्र हातात द्या म्हणून.

दादा


१५ नोव्हेंबर

दादा,

मी उतरले.

पत्र काल मिळालं. काकांनी हातात दिलं आणि मी वाचेपर्यंत गाडी चालू ठेवून थांबले. "सगळं बरं ना, पोरी?" म्हणाले. मी हो म्हटलं.

यांना दाखवलं. यांनी वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. मला वाटलं चिडतील. म्हणाले, "तुझे हात सुटले होते?" मी मान हलवली. मग बराच वेळ छोटीचे पाय हातात धरून बसले, मोजे नीट करत. म्हणाले, "रविवारी येऊ दे त्याला."

पण आज सकाळी म्हणाले, भट्टीला लाकूड संपलंय, उद्या भट्टी विझेल, ती एकदा विझली की तापायला दोन दिवस जातात. एकच खेप आणतो. अर्धीच बकेट. मी म्हटलं, दादाने काय लिहिलंय? म्हणाले, "तुझा भाऊ ट्रॅक्टर माझ्यापेक्षा जास्त ओळखतो. मान्य. पण त्याला बेकरीवाला माहीत नाही." आणि हसले. मी म्हटलं, मी येणार नाही. ते म्हणाले, "येऊच नकोस. तेच तर सांगतोय."

मी दारात उभी राहून बघत राहिले. माझी जागा रिकामी, दांडा नुसता. धुकं होतं. आधी चाकं गेली, मग यांची टोपी.

दादा, मग मी झोपले. कशी कोण जाणे. छोटीला मांडीवर घेऊन हे पत्र लिहायला टेबलाशी बसले, वरून इंजिनाचा आवाज येत होता, गुणगुण, गुणगुण, छोटी झोपली आणि तिच्यामागोमाग मी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. स्वप्न नाही, काही नाही. नुसतं ऊबदार.

जागी झाले तेव्हा आवाज येतच होता. पण एकाच जागेवरून. वाढत नाही, कमी होत नाही, जवळ येत नाही. मी कान देऊन बसलेय. लाकडं भरताना असा आवाज येत नाही. भरताना मधेच

हे पुढचं दादाला नाही. ज्याला ही चिठ्ठी टोपलीत सापडेल त्याला आहे. बहुतेक काका, तुम्हालाच.

घाबरू नका. टोपलीत छोटी आहे. झोपलीय. तिला मी मुद्दाम दुधाच्या आडोशाला ठेवलंय कारण घरात ठेवता येत नाही.

माझे यजमान वर उतारावर आहेत. धुकं जरा हटलं तेव्हा दिसले. सोंड लाकडांनी भरलेली, जुन्या बुंध्याला अडकून राहिलीय, मागची दोन्ही चाकं हवेत आहेत. हे सीटवरून मागे सरकून दांड्यावर उभे आहेत. माझ्या जागेवर. ते तिथे आहेत म्हणून ट्रॅक्टर थांबलाय. उतरले किंवा पुढे गेले तर बुंध्यावरून सुटेल, आणि त्याच्या खाली सरळ आमचं घर आहे. मी खालून हाक मारली. ते एकच ओरडले, छोटीला रस्त्यापलीकडे ने.

नेलं. आता मी रिकामी पोती आणि दोर घेऊन वर जातेय. वर दगड पुष्कळ आहेत, पेटीतले तिथूनच आणले होते. पोती भरून दांड्याला बांधीन. मग हे पुढे जाऊन सोंड खाली घेतील. आधी मागे वजन, मग सोंड खाली, मग इंजिन बंद. मला पाठ आहे.

इंजिन चालू आहे तोवर छोटी उठणार नाही. ते बंद झालं की ती उठेल आणि रडेल. का बंद झालं ते मला आत्ता सांगता येत नाही. तुम्ही तिला उचला, उभी धरा, पाठीवर हात ठेवा आणि काहीतरी गुणगुणा. काहीही चालेल, तिला सूर कळत नाही.

पण त्याआधी एक करा. नंबर मागच्या बाजूला लिहिलाय, कपाटावरून उतरवून घेतलाय. वळणापुढे चढावर गेलात की फोन लागतो. तिला पुढच्या सीटवर घेऊन जा, गाडी चालू असली की ती गप्प राहते.

त्याला सांगा, रविवारची वाट बघू नकोस. सांगा, मी उतरले होते. आता पुन्हा चढले तर छोटीला घेऊन चढणार नाही, एवढं त्याचं ऐकलंय.

जो कोणी हे वाचत असेल, माझ्या भावाला फोन करा.